साखरबाईचा सहावा रेणू

शब्द देताना माणसाने जरा दमानं घ्यावं. पण साखरबाईला दम कुठला? मागच्या बैठकीत प्रयोगशाळेच्या सरांनी नुसतं विचारलं होतं, "सहाव्याचं काय वाटतं?" यावर 'बघू या' म्हणून वेळ मारून नेता आली असती. जगातले निम्मे संशोधक आयुष्यभर तेवढंच म्हणतात आणि सुखाने निवृत्त होतात. ही बाई मात्र ताडकन म्हणाली, "सहावाही झोपला तर मीच माझं टेबल रिकामं करून देईन." सरांनी मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं. सर वाईट नव्हते, फक्त त्यांना लिहून घ्यायची सवय होती.

सोमवारी खालच्या मजल्यावरून निकाल आला. सहावाही झोपला होता.

म्हणजे शुक्रवारच्या बैठकीत काम बंद होणार, टेबल दुसऱ्याला जाणार आणि चार वर्षं रेणू घडवणारी बाई तळघरातल्या विभागात जाणार, बाहेरून आलेल्या बाटल्यांवरची लेबलं तपासायला. त्या विभागात वाईट काही नव्हतं. खुर्ची चांगली होती. पण साखरबाईला ती खुर्ची आठवली की अन्न गोड लागेना.

तिचं खरं नाव हजेरीच्या कागदावर होतं, आणि तिथेच राहिलं. साखरा जोडते म्हणून साखरबाई. तिचं काम समजायला अवघड नाही, करायला आहे. आपल्या शरीरात पहारेकरी पेशी असतात. दुसऱ्या एखाद्या पेशीने एक विशिष्ट चरबी, डोक्यावर साखर असलेली, आपल्या अंगावर धरून दाखवली की पहारेकरी जागा होतो आणि सगळ्या शरीरात बोंब ठोकतो. ही भेट नेमकी कुठे होते, किती वेळ चालते, हे कोणाला दिसत नाही, कारण त्या चरबीला रंगच नाही. साखरबाईने तिच्यावर एक बारीकसा दिवा टांगायचा होता. हिरवा उजेड देणारा रंगाचा कण. मग ती चरबी जाईल तिथे दिसेल.

मेख अशी की दिवा भलत्या जागी टांगला तर पहारेकरी तिला ओळखतच नाही. शिवाय साखर चरबीला दोन बाजूंनी जोडली जाते. एका बाजूने जोडलेली पहारेकऱ्याला जागं करते, दुसऱ्या बाजूने जोडलेली त्याच्यासमोर तासन्‌तास बसली तरी तो ढिम्म. दोघी दिसायला जुळ्या बहिणी. त्यांना वेगळं करायला काचेच्या उंच नळीत पांढरी पूड भरायची, वरून मिश्रण सोडायचं आणि थेंब थेंब खाली गोळा करत दोन दिवस उभं राहायचं. साखरबाईच्या पायाच्या शिरा त्यातच फुगल्या होत्या.

पहिल्या रेणूत तिने दिवा चरबीच्या शेपटाला टांगला होता. मेला. दुसऱ्यात शेपूट लांबवलं, तिसऱ्यात आखूड केलं. चौथ्यात आणि पाचव्यात जागा बदलली. सगळे मेले. सहाव्यात दिवा साखरेच्या बाहेरच्या कोपऱ्यावर, मध्ये छोटासा दोरा सोडून. हा रेणू कागदावर इतका बरोबर होता की तिने घरी नवऱ्याला त्याचं चित्र काढून दाखवलं. नवरा बस चालवायचा. त्याने चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "मला गाडीच्या आरशासारखं दिसतंय. पण तू म्हणतेस तर चालेल." तेरा वर्षांची मुलगी रोज संध्याकाळी दारातच विचारायची, "लागले का दिवे?" सोमवारी तिने आईचा चेहरा पाहिला आणि काही विचारलं नाही. ते न विचारणंच साखरबाईला जास्त लागलं.

आता खालच्या मजल्याबद्दल सांगायला हवं. तिथे पेशी वाढवायची खोली होती आणि त्या खोलीवर मावशीचं राज्य होतं. मावशी सव्वीस वर्षं पेशी पोसत होती. नाकावर माशी बसू द्यायची नाही, आणि खोलीत तर माशीची छाती नव्हती. कोण्या काळी वरच्या मजल्यावरचा एक रसायनवाला आपला कोट घालूनच आत शिरला होता, त्याच्या कोटावरच्या कसल्याशा वाफेने तीन आठवड्यांच्या पेशी एका दुपारात मेल्या होत्या. तेव्हापासून नियम झाला: वरच्या माणसाने आत यायचं नाही. भिंतीतल्या खिडकीतून कुपी द्यायची, सोबत कागद द्यायचा, मागे फिरायचं. साखरबाईने चार वर्षांत ती खोली आतून पाहिलेली नव्हती. तिला आतली फक्त मावशीची मनगटं माहीत होती.

मंगळवारी सकाळी तीच मनगटं खिडकीतून एक पिशवी घेऊन बाहेर आली.

"तुझ्या रंगाचा कचरा," मावशी आतून म्हणाली. "तीनदा धुतलाय. आमच्या डब्यात रंग चालत नाही, तू वर घेऊन जा." मग जरा थांबून, "वाईट वाटलं गं सहाव्याचं."

"हो," साखरबाई म्हणाली आणि पिशवी घेऊन जिना चढली.

कचऱ्याचाही नियम होता. जांभळ्या दिव्याखाली धरून बघायचं; चमकलं तर रंगाच्या डब्यात, नाही चमकलं तर साध्या. तीनदा धुतलेलं म्हणजे साध्यातच जाणार, बघायची गरज नव्हती. पण टेबल रिकामं करायचं असेल तर ते नियमाने करावं, असं तिला वाटलं. मागून कोणी बोट दाखवायला नको. तिने पिशवी उलटी केली. प्लास्टिकच्या छोट्या छोट्या नळ्या टेबलावर पसरल्या. तिने खोलीतला दिवा घालवला आणि हातातला जांभळा लावला.

सगळ्या नळ्या हिरव्यागार पेटल्या.

तळाशी नाही. पाणी राहिलं असतं तर तळाशी चमकलं असतं. इथे आतल्या भिंती चमकत होत्या, वरपासून खालपर्यंत, कोणी आतून रंगाचा हात मारावा तशा. साखरबाई दिवा हातात धरून उभी राहिली. मग तिने एक नळी उचलली, पाण्याने चौथ्यांदा धुतली. तश्शीच. मग त्यात जरासं अल्कोहोल घातलं, हलवलं, आणि भिंतीवरचा सगळा हिरवा रंग अल्कोहोलात उतरला.

 ती स्टुलावर बसली आणि मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, हा तर पोचलाच नाही."

दुपारभर तिने मोजमाप केलं. खाली पाठवलेल्या शंभर भागांपैकी अठ्ठ्याऐंशी भाग नळ्यांच्या भिंतींना चिकटले होते. पेशींपर्यंत गेले असतील तर बारा. चरबी ती, त्यात तिला लटकवलेला दिवाही चरबीचाच सोबती. साध्या पाण्यात, प्लास्टिकच्या नळीत, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवल्यावर ती पाण्यात कशाला थांबेल? तिला बसायला भिंत मिळाली, ती बसली.

आता इथे मला सांगायला आवडलं असतं की साखरबाईला हे घरी तेलकट डबा घासताना सुचलं. गोष्ट गोड झाली असती. पण तिच्या घरी भांडी नवरा घासायचा. त्याला संध्याकाळी हे कळलं तेव्हा तो हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "प्लास्टिकचा डबा तेल सोडत नाही हे मला रोज कळतं. चार वर्षांत एकदा विचारायचं तरी." साखरबाई इतकी हसली की मुलगी खोलीतून धावत आली.

पण हसून काम भागणार नव्हतं. हातात बुधवार आणि गुरुवार. आणि मध्ये मावशी.

बुधवारी सकाळी आठला ती खिडकीपाशी उभी होती. तिने सगळं सांगितलं.  मग मावशीचा चेहरा खिडकीत आला, टोपी, मास्क, आणि वर दोन डोळे.

"म्हणजे माझ्या हाताची चूक," मावशी म्हणाली.

"नाही मावशी."

"मग कोणाच्या? नळ्या माझ्या, फ्रीज माझा. कित्येक वर्षांत या खोलीत काच आणली नाही मी. एकदा काचेची पिपेट फुटली होती, हातमोजा फाटला, महिनाभराचं काम गेलं. तेव्हापासून सगळं प्लास्टिक, सीलबंद पिशवीतलं. आणि तू सांगतेस की त्यानेच तुझं वाटोळं झालं."

"चूक माझी आहे," साखरबाई म्हणाली. "मी कागदावर मात्रा लिहिली, तापमान लिहिलं, वेळ लिहिली. भांडं कोणतं ते लिहिलं नाही. आमच्याकडे द्रवांनी प्लास्टिक विरघळतं, म्हणून आम्ही ते हातातच धरत नाही. काचेशिवाय कोणी काही ठेवत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुम्ही नियमाने वागलात. मी सांगायला हवं होतं."

मावशीचे डोळे जरा निवळले, पण बाई सहजी ऐकणारी नव्हती. "बरं. मग बाजारचा माल? तो बिनरंगी, आम्ही तुलनेसाठी लावतो तो. तोही माझ्या त्याच नळ्यांत असतो. त्याने दर वेळी पहारेकरी टणटणीत उठतात. तो का नाही चिकटत?"

हा प्रश्न चोख होता. याच प्रश्नाने चार वर्षं सगळ्यांची खात्री पटवली होती की दोष दिव्याचा आहे. साखरबाई रात्री अंथरुणात याच प्रश्नाशी झुंजली होती, आणि शेवटी उठून तिने कंपनीचं माहितीपत्रक वाचलं होतं.

"त्याची बाटली वाचा," ती म्हणाली. "मागच्या बाजूला, खाली, बारीक अक्षरात."

मावशी गेली. चष्मा शोधला, मास्कवरून चढवला, बाटली दिव्याखाली धरली. ओठ हलवत वाचू लागली. मग बाटली खाली ठेवली.

"साबण," ती म्हणाली.

"साबणच. चिमूटभर. चिकटू नये म्हणून कंपनीच घालून देते."

"नऊ वर्षं ही बाटली मागवतेय मी." मावशीने बाटली पुन्हा उलटी करून पाहिली.  मग एकदम म्हणाली, "आपण साबण नाही घालायचा. घातला की उद्या कोणी म्हणेल, साबणानेच उठवलं. काचेतच करू. किती कुप्या लागतील?"

"आठ."

"दे. मी ओव्हनमध्ये भाजून घेते, जंतूचा बापसुद्धा उरणार नाही. आणि तू आत ये."

"मी?"

"काच हाताळायची सवय तुला आहे, मला नाही. कोट बाहेर काढून ठेव. आणि ऐक, नुसता सहावा लावून चालणार नाही. त्याची ती जुळी आहे ना, उलट्या बाजूची? तीही आण. काचेतच. ती जर जागं करायला लागली तर समजायचं की आपणच कायतरी घाण केली."

साखरबाईला तिथल्या तिथे मावशीला मिठी मारावीशी वाटली. खिडकी आड आली.

दुपारी ती आत गेली. मावशीने तिला टोपी घातली, कानामागचे केस स्वतः आत खोचले, हातांवर स्पिरिट मारून दोन्ही बाजूंनी चोळलं, शाळेत पाठवायच्या पोरीला तयार करतात तसं. मग दोघी हूडसमोर, स्वच्छ हवेच्या उघड्या कपाटासमोर, बसल्या. साखरबाईने कुपी कोमट पाण्यात धरली, यंत्राने थरथरणाऱ्या पाण्याच्या टबात दहा मिनिटं ठेवली, आत एक कणही तरंगत नाही ना ते बघितलं. काचेच्या सिरिंजने माप घेतलं. मावशीने पेशींची थाळी पुढे सरकवली. थाळी प्लास्टिकचीच होती, पण तिच्यातल्या पाण्यात रक्तातली प्रथिनं होती, ती चरबीला धरून ठेवतात. घात झाला होता तो त्याआधीच्या रात्रीत, साध्या पाण्यात.

"थेंब कडेला लागू देऊ नकोस," मावशी म्हणाली.

"माहीत आहे."

"मग श्वास सोड आणि टाक."

एक रांग कोरी. एक बाजारच्या मालाची. एक सहाव्याची, काचेतली. एक सहाव्याचीच, पण नेहमीसारखी प्लास्टिकमधून आलेली. तिच्यासाठी मावशीने सोमवारच्या निकालातलीच उरलेली नळी फ्रीजमधून काढली. एक जुळीची. मावशीने थाळीवर रांगांची अक्षरं घातली, झाकण लावलं आणि थाळी उबेला ठेवली. "आता घरी जा," ती म्हणाली. "इथे बसून पेशी लवकर उठत नाहीत."

गुरुवारी सकाळी मावशीने आधी मायक्रोस्कोप लावला. स्वतः पाहिलं.  मग बाजूला झाली.

साखरबाईने डोळे लावले. काळोखात एक गोल पेशी होती आणि तिच्या कडेवर हिरवे ठिपके होते. तिचे दिवे. ते सगळीकडे सारखे पसरलेले नव्हते. एका बाजूला दाटून आले होते, आणि नेमक्या त्याच बाजूला दुसरी लहान पेशी येऊन टेकली होती. पहारेकरी आला होता. ज्या भेटीबद्दल ती चार वर्षं लोकांना फळ्यावर चित्रं काढून सांगत होती ती भेट समोर चालली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि चित्र पुसट झालं.

"भिंगावर पाणी पाडू नकोस," मावशी म्हणाली, पण तिचाही आवाज नेहमीचा नव्हता.

दिसणं वेगळं आणि जागं होणं वेगळं. पहारेकऱ्याने बोंब ठोकली की नाही ते दुसऱ्या चाचणीत कळणार होतं. जागी झालेली पेशी एक द्रव्य सोडते. ते असेल तितकं पाणी निळं होतं. थर देत, धूत, पुन्हा थर देत दुपारचे तीन वाजले. शेवटचा थेंब मावशीने घातला आणि दोघी थाळीवर वाकल्या.

एक मिनिट सगळं पाण्यासारखं. मग बाजारच्या रांगेत निळसर झाक आली. तिच्याबरोबरच, नाही, तिच्या जरा आधीच, सहाव्याची रांग निळी व्हायला लागली. पाच मिनिटांत ती शाईसारखी झाली. प्लास्टिकमधून आलेल्या रांगेत डोळे ताणले तर दिसेल एवढाच रंग. कोरी रांग कोरी. आणि जुळीची रांग, काचेतून येऊनही, काचेसारखीच स्वच्छ.

साखरबाईने दोन्ही हात तोंडावर ठेवले. आनंद असा असतो हे ती विसरूनच गेली होती. मावशीने घड्याळ बघितलं, पंधरावं मिनिट झाल्यावर आम्लाचा थेंब घालून रंग थांबवला, आकडे काढले, सही केली, आणि मगच स्टुलावर टेकली.

"बाजारच्यापेक्षा सव्वापट," ती म्हणाली. "दिवा टांगून सव्वापट. काय बाई आहेस गं तू."

शुक्रवारी बैठकीच्या खोलीत सगळ्यांनी माना वळवल्या, कारण साखरबाईच्या मागून मावशी आत आली. सव्वीस वर्षांत ती वरच्या मजल्यावर बैठकीला आली नव्हती. टोपी-मास्कशिवाय तिला तिघांनी ओळखलंच नाही. साखरबाईने नळ्यांचे फोटो दाखवले, अठ्ठ्याऐंशी भागांचा हिशेब दाखवला, मग थाळीचे आकडे. सर वाचत राहिले. दोनदा मागे गेले, पुन्हा वाचलं. वहीतलं जुनं पान उघडलं, त्यावर आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "टेबल तुमचंच." मग मावशीकडे वळले. "निकालाची तुमची पूर्ण खात्री आहे?"

"सर," मावशी म्हणाली, "मी सहा वेळा 'क्रिया नाही' लिहून सही केली. तेव्हा कोणी खात्री विचारली नाही."

 सरांनी चष्मा काढला. ते रागावतील असं सगळ्यांना वाटलं, पण सर आपलाच कान पकडणाऱ्यांतले होते. "बरोबर आहे," ते म्हणाले. "विचारायला हवं होतं. मग आधीच्या पाचांचं काय?"

"पाचही परत लावायचे. काचेतून. खाली माझी सही आहे, खोटी असेल तर मला ती माझ्या हाताने खोडायची आहे."

 मंगळवारपासून साखरबाईने हा विचार मनाच्या दाराबाहेर उभा केला होता, एका वेळी एवढं मागायची हिंमत नव्हती म्हणून. ते पाच तिने फेकले नव्हते. ज्यांच्यासाठी पायाच्या शिरा फुगवल्या ते फेकवतात थोडेच? वरच्या फ्रीजरमध्ये, सगळ्यात मागे, काचेच्या कुप्यांत, नावगाव लिहून ठेवलेले होते. कदाचित दोन मेलेले निघतील. कदाचित तीन. पण आजवर ती त्यांना मारेकऱ्यासारखी आठवत होती, आणि आता तिला कळलं की तिने कोणालाच मारलेलं नसेल.

ती बैठक संपायच्या आत उठली. सरांनी तिला अडवलं नाही. जिन्यावरून धावत वर गेली, फ्रीजरमधला बर्फ नखांनी खरवडला, आणि पाच कुप्या ट्रेमध्ये घेऊन दोन मजले उतरून खाली आली. मावशी आधीच पोचली होती, टोपी घालून तयार. तिने पहिली कुपी हातात घेतली, चार वर्षांपूर्वीची तारीख वाचली, आणि नव्या काचेच्या कुप्या भाजायला ओव्हन तापत ठेवला.